हत्तीवरचा ब्राह्मण आणि बिननावाचा शिपाई

संगणकावरच्या एका खेळाची समीक्षा साहित्याच्या आणि समाजचिंतनाच्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. माझ्या मनातही तो आला होता. आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्याजवळ मी हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "पोरांचा खेळ आहे, सोडून द्या. उद्या पत्त्यांतल्या राजाची जात विचाराल." मी त्यांना तेव्हा उत्तर दिले नाही. पण पत्त्यांतल्या राजाला जात नसते आणि या खेळातल्या शिपायांना ती आहे. मला जे म्हणायचे आहे त्याची सुरुवात येथूनच होते.

'एज ऑफ एम्पायर्स' या मालिकेतील तिसरा खेळ २००५ मध्ये निघाला. मायक्रोसॉफ्ट ही अमेरिकन कंपनी त्याची प्रकाशक. २००७ मध्ये 'द एशियन डायनेस्टीज' ही त्याची पुरवणी आली आणि तिच्यात चीन व जपान यांच्याबरोबर भारत आला. खेळाची रीत थोडक्यात अशी. पडद्यावर मोकळा मुलूख दिसतो. खेळणाऱ्याने गावकरी कामाला लावायचे, अन्न, लाकूड आणि सोने गोळा करायचे, त्यातून बराकी बांधायच्या, बराकीतून शिपाई काढायचे आणि समोरच्याचे गाव उद्ध्वस्त करायचे. बुद्धिबळासारखी आळीपाळीची खेळी यात नाही. दोघांचेही हात एकाच वेळी चालू असतात आणि ज्याचा हात मंद तो मेला.

माझ्या बहिणीचा मुलगा शिकण्यासाठी पाचोऱ्यात माझ्याकडे राहतो. कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून हा खेळ त्याने माझ्या जुन्या संगणकावर चढवला. एका रात्री मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो आणि तो शेजारी खेळत होता. खेळता खेळता, पडद्यावरची नजर न काढता, त्याने विचारले, "मामा, यामा आपला कोन शे?"

मी लाल पेन खाली ठेवले. त्यानंतर दोन महिने मी हा खेळ पाहिला आणि वाईट का होईना, खेळलोही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला मी शोधलेले उत्तर होय.

हा प्रश्न भाबडा नाही. आमच्यातील पहिली शिकलेली पिढी वाचनालयात जाऊन हरिभाऊ आपट्यांच्या, नाथमाधवांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचू लागली तेव्हा तिनेही तो मनातल्या मनात विचारला असला पाहिजे. त्या कादंबऱ्यांतून मराठी मध्यमवर्गाने आपला भूतकाळ उभा केला. कोण शूर, कोण स्वामिनिष्ठ, कोण दगाबाज आणि कोण मोजण्यात नाही, हे त्यांनी ठरवून टाकले. आमचा माणूस तेथे आला तर वेशीवर उभा, हातात काठी, कुणाचा तरी निरोप घेऊन धावणारा. आज माझ्या वर्गातील मुले ऐतिहासिक कादंबरी वाचत नाहीत. त्यांच्या मनात इतिहासाचे चित्र आता अशा खेळांतून तयार होते. कादंबरीचे काम खेळाने हाती घेतले असेल तर कादंबरीची झडतीही त्याला लागू झाली पाहिजे.

तेव्हा या खेळातला भारत पाहू.

प्रत्येक राष्ट्राला आरंभी एक नायक दिलेला असतो. तो मुलूख धुंडाळतो, वाट शोधतो, सैन्याबरोबर फिरतो. भारताला असे दोन नायक मिळतात. दोघेही हत्तीवर बसलेले आहेत आणि त्यांचे नाव आहे 'ब्राह्मण'. व्यक्तीचे नाव नाही, हुद्दा नाही. ब्राह्मण हीच त्याची ओळख. तो जखमी शिपायांना बरेही करतो. ब्राह्मण आपण होऊन सामान्य शिपायाच्या जखमेला हात लावतो ही कल्पना सुचायला माणूस फार दूरच्या देशात जन्मलेला असावा लागतो. पण खरी मौज पुढेच आहे. या खेळात नायक मरत नाही. त्याची ताकद संपली की तो बेशुद्ध होऊन पडतो. आपले लोक जवळ पोहोचले की तो उठतो, किंवा सोने मोजून त्याला सोडवून आणता येते. हा नियम सर्व राष्ट्रांच्या नायकांना आहे हे मी प्रामाणिकपणे सांगतो. परंतु भारताच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो? शिपाई मरतो, गावकरी मरतो, हत्ती मरतो. ब्राह्मण तेवढा बेशुद्ध पडतो. अडीच हजार वर्षांच्या इतिहासाचे सार इतक्या कमी शब्दांत सांगणे आमच्या एकाही विद्रोही कवीला जमलेले नाही, आणि हे सार सांगणाऱ्याला आपण काही सांगितले याची वार्ताही नाही.

दुसरी गोष्ट गाईची. इतर बहुतेक राष्ट्रांचे गावकरी जनावरे पोसतात आणि कापून खातात. भारताच्या गावकऱ्यांना ती कापता येत नाहीत. गाई एका पवित्र आवारात नेऊन उभ्या करायच्या आणि तेथे त्या नुसत्या असण्याने खेळणाऱ्याला अनुभवाचे गुण मिळवून देतात. कुणी म्हणेल, भारतात गाय पवित्र आहे, त्यात चूक काय? चूक अशी की भारतात काही लोकांना गाय पवित्र आहे आणि काही लोकांना मेलेली गाय ओढून नेण्याचे काम आहे. खेळातल्या गाई मरत नाहीत, म्हणून त्या ओढणारा माणूस खेळात लागत नाही. एका वर्गाची श्रद्धा जेव्हा सर्वांच्या हातापायांना बांधणारा नियम होते, तेव्हा तो नियम कुणाचा आहे हे कुठेही लिहिलेले नसते. येथेही ते लिहिलेले नाही. बटण दाबले तर फक्त काही होत नाही.

आता सैन्य. पायदळात तीन नावे मुख्य आहेत: रजपूत, गुरखा आणि सिपॉय, म्हणजे शिपाई. रजपूत हातघाईचे शस्त्र घेऊन लढतो. गुरख्याच्या हाती रायफल आहे, तो लांबून पायदळ टिपतो. सिपॉयच्या हाती मस्केट आहे. तो रांगेत उभा राहतो, गोळी झाडतो आणि घोडदळ अंगावर आले की संगीन पुढे करतो. या तीन नावांकडे नीट पाहावे. पहिले जातीचे आहे, दुसरे एका जमातीचे आहे आणि तिसरे फक्त कामाचे आहे.

ही विभागणी खेळ करणाऱ्यांनी स्वतः शोधून काढलेली नाही. ती त्यांनी तयार उचलली आहे आणि कोठून उचलली हे आपल्याला पक्के माहीत आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी हळूहळू 'लढाऊ वंशां'चा सिद्धांत रचला. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे त्याचे मोठे पुरस्कर्ते. शीख, गुरखे, पठाण, डोग्रे, रजपूत हे जन्मतः लढवय्ये आणि दक्षिणेचे लोक नेभळट, असा त्याचा मथितार्थ. मग जातवार हस्तपुस्तिका निघाल्या. कोणत्या जातीचा माणूस घ्यावा, त्याची छाती किती, स्वभाव कसा, हे घोडे निवडावेत त्याप्रमाणे छापले गेले. मनूने जे धर्माच्या नावाने सांगितले ते रॉबर्ट्ससाहेबांनी शास्त्राच्या नावाने सांगितले. आणि आता तेच मनोरंजनाच्या नावाने आमच्या घरात आले आहे. रजपुताला एवढी ताकद, गुरख्याला एवढा पल्ला, हे आकड्यांत बांधून दिलेले असते. आकड्याशी वाद घालता येत नाही, हे खेळाचे सामर्थ्य कादंबरीला नव्हते.

या सिद्धांताची किंमत कुणी मोजली? मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार शिपाई पिढ्यान्पिढ्या होते. बंगालच्या सैन्यात वरच्या जातींची भरती होती आणि त्यांचे सोवळे तेथील अधिकारी सांभाळत. मुंबईच्या पलटणीत निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच रांगेत उभे केले जात. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली जी मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन लढली, ती अशीच मिश्र होती. तेथील स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांतील २२ नावांचा शेवट 'नाक' असा होतो. हे 'नाक' म्हणजे आमची खूण. गावात ज्याला नुसते 'ए' म्हणून हाक मारली जाई, त्याचे पूर्ण नाव दगडात कोरले गेले. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले. त्यांनी त्या स्तंभातून काय वाचले असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कंपनीचा विजय हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग असावा असे मला वाटते.

खेळातला सिपॉय या दगडाच्या नेमका उलट आहे. त्याला नाव नाही. तो पाचाच्या घोळक्याने बराकीतून बाहेर पडतो, पाचांचा चेहरा एक, पाचांचा आवाज एक. पुढे खर्च केला की त्याचा दर्जा चढत जातो: आधी शिस्तबद्ध, मग सन्मानित, मग उन्नत. लाकूड आणि सोने भरा, सन्मान मिळेल. मी भाच्याला म्हणालो, हे फार सोपे आहे. त्याने विचारले, खऱ्या महार शिपायांना कसा मिळायचा? मी सांगितले, मिळाला होता आणि काढून घेतला गेला. सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत आमची माणसे चढली होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. आणि बाबासाहेबांचा १८९१ मध्ये महूच्या छावणीत जन्म झाला त्याच्या सुमारे वर्षाने महारांची भरती बंद झाली. वरच्या जातीचे लोक महार सुभेदाराचा हुकूम पाळायला राजी नाहीत ही अडचण लढाऊ वंशांच्या शास्त्राने परस्पर सोडवली.

येथे आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न राहता तक्रार होईल. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. स्वतः पेन्शनर शिपाई, दापोलीत राहणारे, अस्पृश्यतेवर लेखणीने प्रहार करणारे आमचे आद्य पुरुष. त्या अर्जात आम्ही मूळचे क्षत्रियच होतो, पुढे खाली ढकलले गेलो, असा दावा आहे. ज्या शिडीने आम्हाला तळाशी ठेवले, तिच्याच वरच्या पायरीवर आपली जुनी जागा होती, हे साहेबाला पटवून द्यावे लागले. मी वलंगकरांना दोष देत नाही. दार बंद करणाऱ्याची भाषा बोलल्याशिवाय ते उघडत नाही, अशी वेळ त्यांच्यावर आणली गेली होती. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच काही वर्षांत मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती पुन्हा युद्धाच्या गरजेतून आणि बाबासाहेबांच्या आग्रहातून. आज तिच्यात देशभरातील सर्व जातींचे जवान आहेत. तिच्यातून कृष्णराव आणि सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख झाले आणि ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतील मोहिमेत मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ज्यांना लढता येत नाही असे शास्त्राने सांगितले, त्यांच्या नावाच्या रेजिमेंटचा हा हिशेब.

वलंगकरांचा अर्ज मला आठवला तो भाच्याच्या एका बोलण्यामुळे. तो म्हणाला, खेळात बदल करता येतात, कुणी तरी 'महार' नावाचे युनिट टाकले तर? रजपुतापेक्षा जास्त ताकदीचे? त्याच्या डोळ्यांत चमक होती आणि ती मला समजत होती. तरीही मी नाही म्हणालो. आपल्या नावापुढे चार आकडे जास्त लिहून घेणे म्हणजे शूरपणा रक्तात असतो हे कबूल करणे. ज्या दिवशी आपण हे कबूल करू, त्या दिवशी नेभळटपणाही रक्तात असतो हे आपोआप कबूल होईल आणि मग मांग, चांभार, भंगी बांधवांना कोणते आकडे द्यायचे याची हस्तपुस्तिका आपण लिहायला बसू. भाचा गप्प झाला. त्याला पटले असे मी म्हणणार नाही.

आता बंदुकीविषयी. गुरख्याला रायफल आणि शिपायाला मस्केट, हा फरक खेळात केवळ सोयीचा आहे. इतिहासात तो विश्वासाचा होता. रायफलीच्या नळीत आतून पेच कोरलेले असतात, त्यामुळे गोळी फिरत जाते, लांब जाते आणि नेम धरून जाते. साध्या मस्केटची नळी आतून गुळगुळीत. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींसाठी मुद्दाम एन्फील्डच्या घडणीची पण गुळगुळीत नळीची बंदूक करवून घेतली, १८५८ च्या नमुन्याची. गोऱ्याच्या हाती पेच असलेली, काळ्याच्या हाती पेच नसलेली. त्याच वर्षी गुरख्यांच्या सिरमूर पलटणीला, ती बंडात इंग्रजांबरोबर राहिली म्हणून, 'रायफल' हे नाव बहुमान म्हणून मिळाले. पेच नळीत किती, हे शिपायाच्या छातीकडे पाहून ठरत नव्हते. साहेबाला त्याच्यापासून किती भीती वाटते यावर ते ठरत होते.

आणि रायफल म्हटली की काडतूस आलेच. या खेळातील भारताची मोहीम १८५७ वरच बेतलेली आहे. नानिब साहिर नावाचा कंपनीच्या फौजेतला हिंदी अधिकारी हळूहळू कंपनीविरुद्ध उभा राहतो, अशी तिची कथा. नायक हिंदी ठेवला हे चांगले केले. पण १८५७ च्या काडतुसाची गोष्ट जेथून सुरू होते, ती जागा अशा कथांच्या नजरेला पडत नाही. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथील अधिकाऱ्यांनी वर कळवलेल्या हकिगतीनुसार, तेथील कारखान्यात काम करणाऱ्या एका खालच्या जातीच्या खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले. शिपायाने जात पाहून नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला की गाईच्या आणि डुकराच्या चरबीची काडतुसे दातांनी तोडायची वेळ आली की तुझी जात राहणार कोठे? उत्तरेतील दलित लेखकांनी या माणसाला मातादीन भंगी या नावाने इतिहासात उभे केले आहे. सरकारी हकिगतीत त्याला फक्त काम आणि जात आहे.

आपण या गोष्टीकडे साहित्याचे अभ्यासक म्हणून पाहू. बंडाच्या सर्व कथांत काडतुसाची चरबी आहे आणि पाण्याचा लोटा नाही. चरबीने ज्याचा धर्म बुडतो त्याचे दुःख राष्ट्राचे दुःख झाले. पाण्याशिवाय ज्याचा घसा कोरडा पडला त्याचे दुःख बातमीच्या आरंभीचे एक वाक्य होऊन राहिले. मुंबईच्या सैन्यात कोल्हापूरच्या २७ व्या पलटणीसारखे काही उठाव झाले, पण बरेचसे सैन्य जागेवर राहिले. याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांतले एक असे असू शकते की ज्याला रोज गावच्या पाणवठ्यावरून हाकलले जाई, त्याला काडतूस तोंडात धरताना गमवायला तेवढे सोवळे नव्हते. हे विधान करताना मी ते अभिमानाने करीत नाही आणि शरमेनेही करीत नाही.

अभिमानाची गोष्ट अवघड आहे, आणि ती अवघड का आहे हे आमच्या खानदेशात जास्त कळते. पाचोऱ्याहून एरंडोलमार्गे गेले की धरणगाव लागते. खानदेश १८१८ मध्ये कंपनीच्या ताब्यात आला आणि डोंगरांतले भिल्ल काही केल्या आवरेनात, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने खानदेश भिल्ल कोअर उभी केली. तिचे ठाणे धरणगावला होते. डोंगरातल्या माणसांना बंदूक, गणवेश आणि पगार देऊन त्यांच्याकडूनच डोंगर शांत करवून घ्यायचा, ही युक्ती. ती चालली. १८५८ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांशी सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली, तेव्हा ही कोअर सरकारच्या बाजूला होती. खाज्या नाईक स्वतः एके काळी सेंधव्याच्या घाटावर सरकारचा पहारेकरी होता.

आपल्याच भाईबंदांवर नेम धरताना त्या भिल्ल शिपायाच्या मनात काय चालले असेल, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही. खेळाला तर हा प्रश्न पडूच शकत नाही. तेथे प्रत्येक बाजूला एक रंग असतो, निळा किंवा लाल. शिपाई ज्या रंगाचा निघाला त्याच रंगाचा मरतो. तो पळून जात नाही, हुकूम नाकारत नाही, समोरच्या रांगेत मामेभाऊ दिसला म्हणून थबकत नाही. त्याला गाव नाही. मराठीतील लढायांची वर्णने वाचताना मला हीच उणीव जाणवते, त्यामुळे ती एकट्या खेळाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

कोरेगावच्या शिपायांना देशद्रोही म्हणणारे आणि त्यांना क्रांतिकारक म्हणणारे, दोघेही त्यांना एकेका रंगात रंगवतात. मला दिसतो तो वेगळा माणूस. त्याने पगार घेतला. पगारामुळे तो बलुत्यावर अवलंबून राहिला नाही. मुलांना लष्करी शाळेत अक्षरे मिळाली. म्हातारपणी पेन्शन मिळाली. वलंगकर दापोलीत बसून धर्ममार्तंडांना जाब विचारू शकले याचे एक कारण असे की त्यांच्या भाकरीचे पीठ गावाच्या जात्यातून येत नव्हते. आमच्या चळवळीच्या पहिल्या पानावर ज्यांची नावे आहेत त्यांत पेन्शनर किती आहेत हे मोजून पाहावे. बंदुकीने आम्हाला काय दिले असे कुणी विचारले तर मी बंदुकीचे नाव घेणार नाही, पेन्शनचे घेईन.

खेळातल्या सिपॉयला म्हातारपण नाही. लढाई संपली की पडदा काळा होतो.

एक गोष्ट खेळ करणाऱ्यांच्या बाजूची सांगितली पाहिजे. २०२० मध्ये याच खेळाची सुधारित आवृत्ती निघाली. तेव्हा अमेरिकेतील मूळ रहिवाशांची चित्रणे त्या समाजांतील माणसांचा सल्ला घेऊन बदलण्यात आली. 'इरॉक्वाय' आणि 'सू' ही परक्यांनी चिकटवलेली नावे जाऊन 'होडेनोशोनी' आणि 'लकोटा' ही त्यांची स्वतःची नावे आली. म्हणजे चूक दिसली, विचारणारे उभे राहिले, की बदल होतो. भारताच्या बाबतीत हत्तीवरचा ब्राह्मण हत्तीवरच राहिला. याचा दोष अमेरिकेला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या समाजांतून कुणी तरी खेळ समोर घेऊन बसले आणि म्हणाले, हे आम्ही नाही. आपल्याकडे हे काम समीक्षकाचे आहे आणि आपले समीक्षक, माझ्यासह, पोरांचा खेळ म्हणून पाठ फिरवून बसले होते.

भाच्याचे वय एकोणीस. पहाटे साडेचारला उठून तो धावायला जातो. पाचोऱ्याच्या रस्त्यांवर त्या वेळी अशी किती तरी मुले दिसतात, कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी लष्करासाठी. छाती फुगवून दाखवतात, एकमेकांची मिनिटे मोजतात. २०२२ च्या जून महिन्यात सरकारने अग्निपथ योजना आणली. तिच्याप्रमाणे जवान चार वर्षांसाठी घेतला जातो. चारांतला एक पुढे कायम होऊ शकतो, उरलेले तीन सुमारे पावणेबारा लाखांची रक्कम घेऊन घरी येतात. त्यांना पेन्शन नाही. ज्या एका गोष्टीने आमच्या शिपायाला गावापासून सोडवले होते, नेमकी ती गोष्ट काढून उरलेला शिपाई ठेवला आहे. मी भाच्याला हे सांगितले. तो म्हणाला, माहीत आहे. मी विचारले, मग? तो म्हणाला, मामा, तुम्हाला नोकरी लागली तेव्हा जागा होत्या.

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. नेट-सेट झालेली माझ्याच वयाची माणसे तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत.

त्या रात्री जेवण झाल्यावर त्याने पुन्हा खेळ लावला. मी सहज म्हणालो, भारत घे, मला तो रायफलवाला पुन्हा एकदा पाहायचा आहे, लेखात काही चुकायला नको. तो हसला.

"इंडियन लिधा का गायीस्ना मांगेच येळ जास, मामा."

पहाटेचा गजर लावून, मोबाइल उशाशी ठेवून, तो ऑटोमनांच्या बाजूने खेळत बसला.